फुंकर आणि ओढ

पियानोवादक बिल एव्हान्स आणि हार्मोनिकावादक, म्हणजे माऊथ ऑर्गनवादक, टूट्स टीलेमान्स यांचा 'अफिनिटी' हा जॅझ अल्बम मी प्रथम ऐकला तो पुण्यात, प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत, वडिलांच्या एका स्नेह्यांच्या घरी, तबकडीवर. हे काका नोकरीनिमित्त काही वर्षे जर्मनीत राहिले होते आणि परतताना त्यांनी जॅझच्या तबकड्यांचे एक खोकेच बरोबर आणले होते. मी माऊथ ऑर्गन वाजवते हे त्यांच्या कानावर गेले होते, म्हणून एका पावसाळी रविवारी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतले, तबकडीवर सुई ठेवली आणि एवढेच म्हणाले, "आधी ऐक, मग बोलू." पहिली बाजू संपली, त्यांनी तबकडी उलटली, दुसरी बाजूही संपली, तरी बोलण्यासारखे मला काही सुचेना. आपण ज्याला माऊथ ऑर्गन म्हणतो ते आणि हे एकच वाद्य आहे का, एवढा एकच प्रश्न मनात घोळत होता.

मी तोवर जे वाजवत होते ते ट्रेमोलो होते: चोवीस छिद्रांचे, लक्ष्मी रस्त्यावरून वडिलांनी आणून दिलेले. त्यात प्रत्येक स्वरासाठी दोन रीड, म्हणजे हवेने हलणाऱ्या धातूच्या बारीक पट्ट्या, असतात आणि त्या एकमेकींपासून किंचित वेगळ्या सुरात लावलेल्या असतात, त्यामुळे स्वर आपोआप थरथरतो आणि कानाला लगेच गोड वाटतो. 'शोले'मध्ये भानू गुप्ता यांनी वाजवलेला माऊथ ऑर्गन ज्यांनी ऐकला आहे, त्यांच्या मनात या वाद्याचे एक चित्र कायमचे बसलेले आहे: संध्याकाळ, एकटेपणा आणि दूरवरून येणारी ओळखीची धून. आमच्या नारायण पेठेतल्या गणेशोत्सवातही मी अशाच धुना वाजवत असे आणि लोकांना त्या आवडत. पण प्रभात रस्त्यावरच्या त्या खोलीत जो आवाज आला त्यात थरथर नव्हती. एकच सूत, सरळ आणि बारीक, कधी किंचित खाली झुकून परत जागेवर येणारे. ते सूत पियानोच्या बरोबरीने, सगळ्यांच्या पुढे बसून, पूर्ण विस्तार करत होते. मैफलीत गायक बसतो तसे.

हा अल्बम १९७९ साली वॉर्नर ब्रदर्सने प्रसिद्ध केला. त्याचे ध्वनिमुद्रण ३० ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर १९७८ या चार दिवसांत न्यूयॉर्कमध्ये झाले आणि निर्मिती हेलन कीन यांची होती. पियानोवर, आणि काही ठिकाणी इलेक्ट्रिक पियानोवर, बिल एव्हान्स. हार्मोनिकावर बेल्जियमचे टूट्स टीलेमान्स. सॅक्सोफोन आणि आल्टो फ्लूटवर लॅरी श्नायडर. बासवर नुकताच पंचविशीत आलेला मार्क जॉन्सन आणि ड्रमवर एलियट झिगमंड, असा हा संच आहे. एव्हान्स त्या वेळी ४९ वर्षांचे होते आणि टूट्स ५६ वर्षांचे. मला एक योगायोग फार लक्षणीय वाटतो. १९५८ साली हे दोघेही न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड या एकाच कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करत होते. टूट्सचा 'मॅन बाइट्स हार्मोनिका' हा अल्बम तिथूनच आला. तरीही या दोघांचा जोडीने केलेला अल्बम निघायला पुढे वीस वर्षे जावी लागली. त्यामुळे इथे दोन तरुण वादक एकमेकांना अजमावताना दिसत नाहीत. दोघांचेही जे सिद्ध करायचे ते करून झालेले आहे, आणि आता फक्त ऐकणे उरले आहे.

'अफिनिटी' या शब्दासाठी मी बरेच मराठी शब्द चाळून पाहिले. स्नेह म्हणावे तर ते फार सौम्य होते, आणि जवळीक म्हटले तर त्यात नुसते अंतर मोजल्यासारखे वाटते. शेवटी 'ओढ' या शब्दापाशी येऊन मी थांबले, आणि थांबल्यावर लक्षात आले की हाच शब्द या वाद्याच्या तंत्राचाही आहे. माऊथ ऑर्गनचे अर्धे स्वर फुंकरीचे असतात आणि अर्धे ओढीचे. श्वास बाहेर सोडताना वाजणारी वाद्ये जगात असंख्य आहेत. श्वास आत घेतानाही वाजणारी फार थोडी. या अल्बमविषयी मला जे सांगायचे आहे ते सगळे या एका गोष्टीभोवती आहे, म्हणून तिचे तंत्र थोडे सविस्तर सांगते.

टूट्स जे वाजवत ते क्रोमॅटिक हार्मोनिका. नेहमीच्या आकारात त्याला १२ छिद्रे असतात आणि आत ४८ रीड, म्हणजे प्रत्येक छिद्राच्या वाट्याला चार. उजव्या हाताच्या तर्जनीखाली एक बटण असते. ते आत दाबले की आतली पट्टी सरकते आणि त्या छिद्राचा स्वर अर्ध्या स्वराने चढतो. वाद्य पांढरी एकचे आहे, म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी हा त्याचा सा आहे, असे धरून आपल्या स्वरांत सांगायचे, तर फुंकरीने सा, ग, प वाजतात आणि ओढीने रे, म, ध, नि वाजतात. बटण दाबून फुंकले की कोमल रे, शुद्ध म आणि कोमल ध मिळतात. बटण दाबून ओढले की कोमल ग, तीव्र म, कोमल नि आणि वरचा सा मिळतो. बारकाईने पाहिले तर यात दोन स्वर असे आहेत की जे फुंकरीनेही मिळतात आणि ओढीनेही: शुद्ध मध्यम आणि षड्ज. बाकी प्रत्येक स्वराची दिशा ठरलेली आहे. पेटीवर बोटाने कोणताही स्वर दाबावा, भात्याला त्याचे काही नसते. इथे मात्र प्रत्येक स्वराबरोबर छातीला दिशा ठरवावी लागते. 'ग'वरून 'म'वर जायचे म्हणजे श्वास उलटवायचा, किंवा उलटवायचा नसेल तर बटण दाबायचे. ओळ कोणत्या श्वासाने जाणार, हे वाजवणाऱ्याला ओळ सुरू होण्याआधीच ठाऊक असावे लागते.

आता यातून निघणारी गोष्ट. गायकाला श्वास घ्यावा लागतो, आणि श्वास घेताना त्याचा स्वर थांबतो. बासरीवाल्याचेही तसेच. त्यामुळे गाण्यातल्या कित्येक विरामांचे मूळ गरजेत असते. मोठा कलाकार त्या गरजेचे सौंदर्य करतो, पण मुळात ती गरज असते. माऊथ ऑर्गनवाल्याला ही अडचण जवळजवळ नाही. आत घेतलेला श्वासही वाजतो, जादा झालेली हवा नाकावाटे सोडता येते आणि रीड हलवायला हवाही अगदी थोडी लागते. नवशिका वादक म्हणूनच न थांबता वाजवत राहतो. मीही कित्येक वर्षे तसेच वाजवले. वाद्य थांबायला भाग पाडत नाही, म्हणून थांबण्याचे भान येत नाही. 'अफिनिटी'त टूट्स थांबतात. ओळीच्या मध्येच, कधी अगदी अवघड जागी, एखादा स्वर सोडून गप्प राहतात. तो प्रत्येक विराम त्यांनी निवडलेला आहे.

हे मला स्वतःहून कळले असे नाही. ते माझ्या वडिलांनी सांगितले.

वडील आयुष्यभर पेटीची साथ करत आले. कीर्तन, भजनी मंडळ, नाट्यसंगीताचे कार्यक्रम, शिकाऊ गायकांच्या बैठका, जिथे बोलावणे येईल तिथे ते गेले. गोविंदराव पटवर्धन आणि अप्पा जळगावकर ही त्यांची दैवते. पेटीला आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत मज्जाव होता याचे दुःख ते अजूनही घरातले कोणी गेल्यासारखे सांगतात. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) येत नाही, श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म स्वर) मिळत नाहीत, हे आक्षेप त्यांना पाठ आहेत, आणि त्यांतले खरे किती तेही ते मान्य करतात. माऊथ ऑर्गनला त्यांनी कधी कमी लेखले नाही. दोन्ही वाद्ये एकाच घराण्यातली आहेत, असे ते म्हणत: पितळेची मोकळी पट्टी, एका टोकाला बसवलेली आणि हवेने हलणारी. फरक इतकाच की एकीला भात्याची हवा मिळते आणि दुसरीला माणसाची.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी त्यांना हा अल्बम ऐकवला. सुरुवात पहिल्याच रचनेने केली, अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमनच्या 'आय डू इट फॉर युअर लव्ह'ने. मूळ गाणे १९७५चे आहे, इथे ते संथपणे उलगडत जाते. वडील डोळे मिटून बसले होते आणि उजव्या हाताची बोटे गुडघ्यावर नकळत हलत होती.

"पट्टी कुठली म्हणायची?" त्यांनी विचारले.

"वाद्य पांढरी एकचं. पण बाबा, या संगीतात खालचा सूर सारखा बदलत असतो. आपल्यासारखा एक सा धरून बसलेला नसतो."

"ते कळलं. सा कुठे आहे तेच मी मघापासून शोधतोय."

हा प्रश्न खरोखर नेमका होता. बिल एव्हान्स यांच्या वादनाचे एक वैशिष्ट्य हे की त्यांचा डावा हात स्वरमेळातला, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यातला, मूळ स्वर पुष्कळदा वाजवतच नाही. तो बासवाल्यावर सोपवलेला असतो. मग पियानोत उरतात ते मधले, आतले स्वर, आणि तेही एका मेळातून दुसऱ्या मेळात जाताना अर्ध्या-एका स्वराने हळूच सरकतात. वर टूट्सने एकच स्वर धरून ठेवलेला असतो. आपल्या तंबोऱ्यासमोर पंचम हा नेहमी पंचमच राहतो. इथे धरलेला स्वर तोच असतो, पण खालची जमीन सरकते आणि त्या स्वराचे नाते बदलते. तो मघाशी विसावलेला होता, आता अधांतरी वाटतो, आणि पुढच्या क्षणी पुन्हा घरी आलेला असतो. पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून विरत जातो. हार्मोनिकाचा स्वर श्वास असेपर्यंत टिकतो आणि वाटेत वाढवताही येतो. म्हणून हे नाते बदलणे दाखवायला हार्मोनिकाइतके योग्य वाद्य एव्हान्सना क्वचितच मिळाले असेल, असे मला वाटते.

रचना संपल्यावर वडिलांनी ती पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाले, "गवई श्वास घ्यायला थांबतो तिथं आम्ही भरतो. आमचं काम तेवढंच. हा माणूस तर श्वास घेतानाही वाजवू शकतो, तू दाखवलं होतंस मला. मग हा का थांबतोय?"

मी काही उत्तर दिले नाही.

"त्या पियानोवाल्यासाठी थांबतोय," ते म्हणाले. "जागा करून देतोय. आणि पियानोवालाही शहाणा आहे, सगळी जागा भरत नाही."

साथ करणाऱ्या माणसाच्या कानाला जे एका बैठकीत दिसले ते मला इतकी वर्षे दिसले नव्हते. त्यानंतर मी हा अल्बम पुन्हा सगळा ऐकला तो केवळ विरामांसाठी. टूट्स जिथे थांबतात तिथे एव्हान्स नेमके काय करतात हे ऐकण्यासाठी. कधी ते मघाची ओळ अर्धीच परत म्हणतात. कधी फक्त दोन स्वरांचा मेळ ठेवून गप्प बसतात, जणू पुढचे वाक्य तूच म्हण. आणि कधी काहीच करत नाहीत, मग त्या रिकाम्या जागेत मार्क जॉन्सनचा बास आणि झिगमंडचे ड्रमवर फिरणारे ब्रश तेवढे ऐकू येतात. एव्हान्स यांच्या संचाची ओळखच मुळी ही होती. १९६० च्या सुमाराला बासवादक स्कॉट लाफारो आणि ड्रमवादक पॉल मोशन यांच्याबरोबर त्यांनी जे त्रिकूट उभे केले, त्यात बास आणि ड्रम नुसता ठेका धरत नसत, तेही संभाषणात भाग घेत. लाफारो १९६१ च्या जुलैमध्ये मोटार अपघातात गेला, आणि एव्हान्स पुढे आयुष्यभर तशा संवादाच्या शोधात राहिले. 'अफिनिटी'त तो संवाद एका चौथ्या, फुंकरीच्या आवाजाशी जुळला आहे.

टूट्स यांच्याविषयी थोडे सांगायला हवे. २९ एप्रिल १९२२ रोजी ब्रुसेल्समध्ये त्यांचा जन्म झाला. आईवडिलांचे कॅफे होते, आणि अगदी लहानपणी त्यांच्या हातात आले ते अकॉर्डियन, म्हणजे पुन्हा मोकळ्या रीडचेच वाद्य, आमच्या पेटीचे चुलत भावंड. पुढे हार्मोनिका आली, गिटारवादक जँगो राइनहार्टच्या प्रभावाने गिटार आली. १९५० मध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या संचाबरोबर त्यांनी युरोपचा दौरा केला, १९५२ च्या सुमाराला अमेरिकेत गेले, तिथे सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या संचात वाजवले आणि १९५३ पासून १९५९ पर्यंत पियानोवादक जॉर्ज शिअरिंगच्या पंचकात राहिले. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध गीत 'ब्लूसेट' हे गिटार आणि शीळ एकत्र वाजवून केलेले आहे. 'मिडनाइट काउबॉय' या १९६९ च्या चित्रपटातील हार्मोनिकाही त्यांचीच. आपली जागा हसू आणि आसू यांच्या मधोमध आहे, असे ते सांगत. हे त्यांचे वाक्य त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने उद्धृत केले आहे, आणि त्यामुळे थोडा अन्यायही झाला आहे असे माझे मत आहे. लोक मग फक्त हळवेपणा ऐकतात. पार्करच्या पिढीचे संगीत ज्याने आत्मसात केले, त्या माणसाच्या बोटाखालच्या बटणाची आणि श्वासाच्या दिशेची जी विलक्षण शिस्त या अल्बमच्या द्रुत रचनांत दिसते, ती हळवेपणाने येत नाही. त्यामागे काही दशकांचा रियाज आहे. क्रोमॅटिकवर स्वर झुकवणेही सोपे नसते. तोंडाच्या आतला आकार बदलून रीडला खाली खेचावे लागते, आणि तिला परत सोडताना जो चढ येतो त्यालाच आपण मींड म्हणू. टूट्स ती मींड क्वचित घेतात, आणि घेतात तेव्हा अगदी थोडी. म्हणून ती लागते.

माझ्या मते या अल्बमचा गाभा 'ब्लू इन ग्रीन'मध्ये आहे. ही रचना प्रथम १९५९ साली ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमवर आली. श्रेय डेव्हिसच्या नावावर लागले. त्या ध्वनिमुद्रणात पियानोवर एव्हान्स होते आणि रचना आपली असल्याचे ते सांगत. तिचे आवर्तन दहा मापांचे (पाश्चात्त्य संगीतातल्या 'बार'चे) आहे. जॅझमध्ये बारा, सोळा, बत्तीस अशी मापे नेहमीची; दहा हा विरळा आकडा. वडिलांनी ते मोजले आणि लगेच दहा मात्रांच्या झपतालाची आठवण काढली. प्रत्येक मापात चार मात्रा असल्याने एकूण चाळीस होतात, तेव्हा हा झपताल नव्हे. पण त्यांना जाणवलेली गोष्ट खरी होती. दहाच्या आवर्तनात कानाला सवयीचा समतोल मिळत नाही. शेवटचे माप पहिल्यात इतके बेमालूम मिसळते की आवर्तन कुठे संपले आणि कुठे सुरू झाले हे कळेपर्यंत आपण पुढच्यात गेलेले असतो. टूट्सचा हार्मोनिका या गोलाकाराला सर्वस्वी अनुरूप आहे, कारण त्याचाही श्वास असाच फिरतो: आत, बाहेर, पुन्हा आत, आणि कुठेही टाका दिसत नाही. जवळपास वीस वर्षांनी स्वतःच्या रचनेकडे परत येताना एव्हान्सनी तिला ट्रम्पेटऐवजी या बारीक आवाजाच्या हाती दिले, हे मला फार योग्य वाटते.

'बॉडी अँड सोल'विषयी एक तांत्रिक आनंद सांगितल्याशिवाय राहवत नाही. जॉनी ग्रीन यांनी १९३० साली रचलेले हे गीत वादक परंपरेने काळी एकमध्ये वाजवतात. पियानो शिकणाऱ्याला ही पट्टी काळ्या पट्ट्यांमुळे अवघड वाटते. पांढरी एकच्या क्रोमॅटिकवर मात्र बटण दाबून तसेच धरून ठेवले की काळी एकचे संपूर्ण शुद्ध सप्तक हातात येते, कारण सगळे वाद्यच अर्ध्या स्वराने वर उचलले जाते. गंमत पुढे आहे. गीताचा मधला भाग, ज्याला आपण अंतरा म्हणू, तो अर्धा स्वर चढून पांढरी दोनवर जातो आणि मग उतरून पांढरी एकवर येतो. आता बटण सोडायचे, पुन्हा दाबायचे, पुन्हा सोडायचे, आणि तेही कोणाला न जाणवता. हे स्वतः करून पाहिल्यावर मी टूट्सचे वादन अधिक नम्रपणे ऐकू लागले.

सगळा अल्बम सारख्याच उंचीवर आहे असे मी म्हणणार नाही. इलेक्ट्रिक पियानोचा गुळगुळीत आवाज त्या दशकाची खूण घेऊन येतो आणि हार्मोनिकाच्या शेजारी मला थोडा परका वाटतो. दोन्ही आवाज मऊ, त्यामुळे एकमेकांना कड मिळत नाही. खरा पियानो लाकडाचा आणि तारांचा असतो, त्याला सुरुवातीचा आघात असतो, आणि त्या आघातावर हार्मोनिकाचे सूत अधिक उठून दिसते. श्नायडर हे चांगले वादक आहेत, 'टोमॅटो किस' ही त्यांची रचनाही चपळ आहे, परंतु सॅक्सोफोन आत आला की आवाजांची गर्दी होते आणि मी ज्या दोघांच्या संवादासाठी बसलेली असते तो थोडा मागे जातो. प्रभात रस्त्यावरच्या काकांचे मत याच्या उलट आहे. सॅक्सोफोन नसता तर हा अल्बम एकसुरी झाला असता, असे ते म्हणतात, आणि या मुद्द्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. फ्रेंच संगीतकार मिशेल लग्राँ यांच्या 'द अदर साइड ऑफ मिडनाइट'च्या धुनेवर मात्र आम्ही दोघेही न बोलता मान हलवतो. ती आणि पॉल सायमनचे ते गीत, या दोन्ही रचना एव्हान्सनी पुढे आपल्या त्रिकुटाबरोबरही वाजवल्या. १९७९ च्या नोव्हेंबरमधल्या पॅरिसच्या कार्यक्रमात त्या आहेत. त्या ऐकताना मला दर वेळी हार्मोनिकाची रिकामी जागा ऐकू येते. १५ सप्टेंबर १९८० रोजी एव्हान्स गेले. टूट्सना १९८१ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, पण ते सावरले, २०१४ मध्ये निवृत्त होईपर्यंत वाजवत राहिले आणि २२ ऑगस्ट २०१६ रोजी, ९४ व्या वर्षी गेले.

त्या तबकडीनंतर काही वर्षांनी मी क्रोमॅटिक घेतला, जर्मनीतल्या होनरचा. आमच्या पुण्याच्या हवेत त्याला सांभाळणे हा वेगळाच अभ्यास आहे. हवा वाया जाऊ नये म्हणून रीडवर पातळ प्लास्टिकच्या झडपा चिकटवलेल्या असतात. डिसेंबरच्या पहाटे वाद्य गार असते, श्वास उबदार असतो, आत दव धरते आणि त्या झडपा चिकटतात. मग एखादा स्वर उशिरा लागतो किंवा लागतच नाही. सवाई गंधर्व महोत्सवाच्या त्या दिवसांत, जेव्हा सगळे पुणे शाली पांघरून मांडवात बसलेले असते, तेव्हा मी घरी वाद्य अर्धा तास शालीत धरून अंगाच्या उबेला आणते आणि मगच ओठांना लावते. हार्मोनिका ट्रेमोलोसारखा लगेच गोड होत नाही. पहिले सहा महिने फक्त एकेका छिद्राचा स्वच्छ स्वर काढण्यात गेले, शेजारच्या छिद्राची हवा न घेता. वडील तेव्हा रोज संध्याकाळी पेटी काढून माझ्यासमोर बसत आणि भाता हळू हलवत एकच पंचम धरून ठेवत.

अजूनही बसतात. वय झाले आहे, बोटे पूर्वीसारखी धावत नाहीत, त्यामुळे फार काही वाजवत नाहीत. दोन-तीन स्वरांचा मेळ ठेवतात, मी त्यावर चालते. 'ब्लू इन ग्रीन'चे दहा मापांचे आवर्तन त्यांनी आपल्या पद्धतीने, हातावर मोजत, बसवून घेतले आहे. मेळ बदलण्याची जागा आली की ते माझ्याकडे पाहतात आणि मी मान हलवते. मी थांबले की ते भरतात, पण सगळे भरत नाहीत.

मागच्या आठवड्यात मी एका ओळीच्या शेवटी 'नि'वरून 'सा'वर येत होते. इतकी वर्षे तो सा मी फुंकरीने घेत आले. म्हणजे 'नि' ओढायचा आणि मग श्वास उलटवून 'सा' फुंकायचा. त्या उलटण्यात एक बारीक खाच पडते, ऐकणाऱ्याला बहुधा न कळणारी. त्या दिवशी श्वास न उलटवता, बटण दाबून, मी तोच सा ओढीने घेतला. वडिलांनी भाता थांबवला नाही, फक्त विचारले, "आज सा वेगळा लागला का गं?"

"तोच आहे, बाबा. फक्त आत ओढून घेतला."

"मग तसाच घे," ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या मापावर आले.